माळ गळ्यात, रेशीम गळाच्या काठीला

मामा, मी तुमच्यावर रागावले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला जीभ उचलेल. सुनेनं सासऱ्यावर राग धरावा आणि तो असा बोलून दाखवावा, ही आपल्या घरातली रीत नव्हे. पण तुम्ही तरी रीत कुठं पाळलीत? न सांगता निघून गेलात. भर दुपारी, दुष्काळी कामावर, खडीच्या ढिगाशेजारी, परक्या बायांच्या देखत. आणि इकडं मी तुमच्यासाठी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापत होते. ती चिरते म्हणून हळूहळू थापत होते. तुम्हाला चिरलेली भाकरी आवडायची नाही.

दहावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. ह्यांना मुंबईहून आणखी रजा मिळेना, तेही गेले. घरात आता मी एकटी आहे आणि तुमचं शिवणाचं मशीन आहे. त्यावर कापड टाकून ठेवलं आहे. पुढच्या खोलीत तुमच्या त्या दोन खाचा पाडलेल्या फळ्या भिंतीला टेकून आहेत. त्या खाचांत आता काठी नाही. ती कुठं गेली ते सांगते पुढं.

मी काष्टीहून लग्न होऊन भिंगारला आले, तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की सासरा शिंपीकाम करतो आणि मासे धरायच्या काठ्याही बनवतो. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नाही, आणि पुढच्या खोलीत बांबूच्या काठ्या, गळाची दोरी ओवायच्या पितळी कड्या, व्हार्निशची बाटली. मी सासूबाईंना, आपल्या आत्याबाईंना, हळूच विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "पोरी, ह्या मानसानं आयुष्यात मासा खाल्ला न्हाई, धरला न्हाई. पन काठी अशी बांधतोय की कॅम्पातले सायब दारात उभं ऱ्हात्यात."

गोष्ट नंतर तुम्हीच सांगितलीत. इंग्रजांच्या काळात तुम्ही लष्कराच्या कॅम्पात वर्दी शिवायचे. एका गोऱ्या साहेबानं मोडकी काठी आणून टाकली आणि तुझ्याकडं रेशीम आहे, तूच बांध म्हणाला. तुम्ही त्या काठीवरचा जुना धागा वेढा वेढा करून सोडवलात. कुठं सुरू होतो, कुठं दबतो, कुठं संपतो, सगळं बघितलंत आणि मग पुन्हा तसाच गुंडाळलात. "सोडवताना शिकलो," म्हणायचात. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, तुमच्या हातातला धागा राहिला.

काठी आत्याबाई फिरवायच्या आणि धागा तुम्ही धरायचे. हे काम एकट्याचं नव्हेच. काठी दोन फळ्यांच्या खाचांत आडवी ठेवायची, एकानं ती हळूहळू फिरवायची, दुसऱ्यानं रेशमाचा ताण सारखा ठेवून कडीच्या पायांवरून वेढ्याला वेढा चिकटवत न्यायचा. ताण ढिला पडला तर कडी हलते. जास्त झाला तर रेशीम तटकन तुटतं. माझ्या लग्नानंतर आत्याबाई फार दिवस राहिल्या नाहीत. त्या गेल्या आणि तुमच्या काठ्या कोपऱ्यात पडून राहिल्या. ह्यांना तुम्ही एकदा फिरवायला बसवलं होतं. ते मशीनवर पँट शिवणारे. त्यांना सगळं भर्रकन व्हायला हवं. तुम्ही वैतागून म्हणालात, "बबन, ही काठी हाय, रहाट न्हाई."

मग एक दिवस तुम्ही दाराच्या आडून खोकलात. मी स्वयंपाकघरात होते. तेव्हा मी तुमच्याशी बोलायचीसुद्धा नाही, पदर कपाळापर्यंत. तुम्ही भिंतीकडं बघत म्हणालात, "सुमन, हातातलं झालं आसंल तर जरा बसतीस का?"

मी काठीच्या त्या टोकाला बसले, तुम्ही या टोकाला. मधे सगळी काठी. शेजारच्या कुणी डोकावलं असतं तरी बोट ठेवायला जागा नव्हती. तुमचे माझ्याशी पहिले शब्द कोणते, आठवतं? "थांब." मग "चल." मग पुन्हा "थांब." किती तरी दिवस आपण सासरा आणि सून एवढंच बोलत होतो. नंतर एकदा मी फिरवता फिरवता विचारलं, "मामा, गाठ कुठं मारायची?" तर तुम्ही एवढे खूश झालात की हातातला ताणच सुटला.

"गाठ मारायचीच न्हाई, पोरी. गाठ वर येती. तिच्यावर गळाची दोरी घासती, आन तितंच तुटती. सुरुवातीचं टोक धाग्याच्याच खाली दाबायचं. आन शेवटाला बघ, हा दुसऱ्या धाग्याचा फास आत ठिवायचा. त्याच्यावरनं आपलं वेढं घ्यायचं. मग टोक या फासात ओवायचं आन फास वढून काढायचा. फासाबरूबर टोक बी वेढ्यांच्या पोटात. बाहीर काय बी दिसत न्हाई."

तुम्ही फास ओढलात आणि टोक खरंच आत गेलं. मी पदर सावरायचं विसरून वाकून बघत राहिले. माझे वडील काष्टीच्या बाजारात मशीन घेऊन बसायचे. गाठीशिवाय धागा संपवता येतो हे मी त्यांच्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

तिथून आपण बोलायला लागलो. काय काय बोललो! कडीचे पाय कानशीनं घासून पातळ का करायचे, म्हणजे धागा काठीवरून कडीवर चढताना पायरी लागत नाही. बांबू उन्हात बोटांवर तोलून त्याची पाठ, म्हणजे ताठ बाजू, कुठली ते कसं ओळखायचं. माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं. आत्याबाई रागावल्या की भांडी कशी आपटायच्या. ह्यांच्याशी बोलले नाही एवढं मी तुमच्याशी बोलले, आणि तेसुद्धा काठीकडं बघत. वर मान करून तुमच्या तोंडाकडं मी कितीदा पाहिलं असेल? तुमचा चेहरा आठवायला बसले की मला तुमची बोटंच दिसतात. हे मला आता फार लागतं, मामा. चेहरा नीट बघून ठेवायला हवा होता.

आणि भांडणं. रंगावरून केवढं भांडलो आपण! तुम्हाला एकच रंग हवा, तपकिरी, फार तर काळा. मला लाल आणि हिरवं हवं. तुम्ही म्हणायचे, व्हार्निश लावलं की लाल रेशीम काळंच पडतं, उगा कशाला. मी म्हटलं, आधी पातळ डिंकाचा हात देऊ, म्हणजे व्हार्निश धाग्यात मुरणार नाही आणि रंग राहील. "पान्यात डिंक सुटंल," तुम्ही म्हणालात. "वरनं व्हार्निश आहे, पाणी आत जाईल कसं?" मी म्हटलं. मी तुकड्यावर करून दाखवलं. लाल लालच राहिलं. तुम्ही तो तुकडा उलटा सुलटा केलात आणि म्हणालात, "आज ऱ्हायलाय. पावसाळ्यात बघू." पावसाळा आलाच नाही. गेल्या वर्षी आला नाही आणि त्याआधीही नावालाच येऊन गेला. आपलं ते भांडण तसंच राहिलं.

ते एक वर्ष मात्र मी विसरू शकत नाही. मला मूल होत नव्हतं. आपल्या शेजारचे तात्या भजनात तुमच्या बरोबरीनं टाळ धरणारे. सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "गळ्यात माळ आन धंदा गळाचा. मुक्या जिवाचा घास घेतोस, मग घरात पाळना कसा हालंल? माळ तरी काढ न्हाईतर गळ तरी सोड." तुम्ही घरी आलात, फळ्या उचलून माळ्यावर टाकल्यात, रेशमाच्या रिळांवर फडकं बांधलंत. मला कारण सांगितलं नाहीत. ते मला पाणवठ्यावरच्या बायांनी सांगितलं. मी घरी येऊन खूप रडले. पोर नाही म्हणून नव्हे. तुम्ही माझ्यासाठी नवस न करता, उपास न करता, स्वतःचे हातच बांधून घेतलेत म्हणून.

वर्षभर तुम्ही फक्त चड्ड्या आणि सदरे शिवलेत. संध्याकाळी ओट्यावर बसायचात आणि बोटं एकमेकांवर घासायचात. शेवटी मीच शिडी लावली, फळ्या खाली काढल्या, पुसल्या आणि तुमच्यापुढं मांडल्या. म्हटलं, "मामा, मूल व्हायचं तर होईल, नाही तर नाही. पण तुम्ही असे बसलेले मला बघवत नाही."

तुम्ही म्हणालात, "पाप लागलं तर?"

"लागलं तर निम्मं माझं. काठी मी फिरवते."

त्यावर तुम्ही हसलात. आत्याबाई गेल्यानंतर तुम्हाला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मला आठवतं, त्याच सुमाराला आपण काष्टीला निघालो होतो आणि वाटेत विसापूरच्या तलावावर उतरलो होतो. मीच हट्ट धरला होता. म्हटलं, एवढ्या काठ्या बांधल्यात, एक तरी पाण्यावर वापरताना बघा. कॅम्पातले डॉक्टरसाहेब तिथं दर रविवारी असायचे, तुमचीच काठी घेऊन. तेव्हा तलाव काठोकाठ होता. त्यांनी गळ टाकला आणि आपण बाभळीखाली बसलो. बऱ्याच वेळानं काठी अशी वाकली की मला वाटलं, मोडली. डॉक्टर ओरडले, "शिंपीबुवा, या, हात लावा!" तुम्ही नको नको म्हणत होता आणि पाय मात्र पाण्याकडं चालले होते. तुम्ही काठीला हात लावलात आणि तुमचं तोंड एकदम लहान झालं.

"जित्तं हाय गं," तुम्ही मला म्हणालात. "सुमन, आतनं वढतंय. जित्तं हाय."

मोठी मरळ होती. तुम्ही साहेबांना म्हणालात, "सोडा की तिला." साहेब हसले. त्यांनी सोडली नाही. एसटीत तुम्ही खिडकीतून बाहेर बघत बसलात. मला वाटलं, आता हे पुन्हा फळ्या माळ्यावर टाकणार. काष्टी जवळ आल्यावर तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "पाप हाय ते पापच हाय." आणि थोड्या वेळानं, "पन धागा हालला न्हाई, बघितलास?"

मी तुम्हाला तेव्हा विचारायला हवं होतं की यातलं तुम्ही मनाला काय लावून घेतलं. विचारलं नाही. तुम्ही दोन्ही गोष्टी सारख्याच आवाजात बोललात. आता तुम्हाला वर कुणी विचारलं, तर काय सांगाल? मला काळजी वाटते. खरंच वाटते. निम्मं माझं आहे, एवढं तरी सांगा.

मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वेढा वेढ्यावर चढला तरी दिसेना. एक दिवस तुम्ही काठीच्या या टोकावरून उठलात आणि म्हणालात, "तू हितं बस. मी फिरवतो." मी धागा हातात घेतला. तुम्ही फिरवता फिरवता न बघता सांगायचात, "ढिला पडला." कसं कळायचं तुम्हाला? काठीतून तुमच्या तळव्याला लागायचं म्हणे. तेव्हापासून रेशीम माझ्या बोटांत आणि काठी तुमच्या हातांत. शेवटपर्यंत.

आणि पाणी आटलं. सीना नदी कोरडी, विसापूर कोरडं, विहिरींच्या तळात चिखल. जिथं पाणी नाही तिथं मासा कुठला आणि गळाची काठी कुणाला हवी? कपडेसुद्धा कोण शिवणार? लोक जुनंच ठिगळ लावून नेसत होते. ह्यांनी मशीनवर बसून माश्या मारल्या आणि शेवटी मुंबईची वाट धरली. तिथं गावाकडच्या माणसांबरोबर एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं. मला नेणार कुठं? मी खडी फोडायला गेले. रस्त्याचं काम निघालं होतं, हजेरी लागली की संध्याकाळी खायला सरकारी सुकडी मिळायची. तुम्हाला ते आवडलं नव्हतं, पण तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत.

त्याच आठवड्यात डॉक्टरसाहेब आले. त्यांची बदली लांब, पाण्याच्या मुलखात झाली होती. जाण्याआधी एक नवी काठी हवी होती, चांगल्यातली चांगली. तुम्ही आंधळ्यासारखे चाचपडत बांबू निवडायला लागलात आणि मला वाटलं, देवानं दार उघडलं.

संध्याकाळी मी खडीवरून आले, हात धुतले आणि धागा घेतला. पहिल्याच वेढ्याला रेशीम माझ्या बोटाला अडकलं. तळवे फुटलेले, बोटांची कातडी दगडासारखी खरखरीत. धाग्याची तंतू तंतू पिसं निघाली. मी पुन्हा नवा धागा घेतला. तोही तसाच. तुम्हाला दिसत नव्हतं, पण काठीतून कळलं असावं. तुम्ही फिरवायचं थांबवलंत.

"हात दाव."

"काही नाही मामा, होतंय."

"दाव म्हनतो न्हवं!"

इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच माझा हात हातात घेतलात. अंगठा तळव्यावरून फिरवलात.  मग म्हणालात, "उद्यापासनं तू खडीवर जायाचं न्हाई. मी जातो."

"तुमचं वय काय मामा? आणि डोळे? हातोडा बोटावर घ्याल."

"दगूड काय सुईच्या नेढ्याएवढा असतोय व्हय? मला दिसंल तेवढा."

"लोक काय म्हणतील? सून घरात बसली आणि म्हातारा—"

"लोकांचं तात्यापातुर समदं म्हनून झालंय. न्हाई म्हनू नगंस. मला फिरवाया हात लागत्यात, ते कसं बी असूदे. तुला बोटं लागत्यात. ही काठी पुरी होईस्तवर तुझी बोटं माझी हायेत."

मी भांडले. तुम्हाला आठवेल, मी किती भांडले. आवाज चढवला, भाकरी पुढं सरकवून दिली, पदर बांधून सकाळी तुमच्या आधी दारात उभी राहिले. तुम्ही दिव्यातलं गोडं तेल वाटीत ओतून माझ्यापुढं ठेवलंत, "चोळ," म्हणालात आणि काठी टेकत रस्त्याला लागलात. मी तुमच्यामागं पळत यायला हवं होतं की तेल चोळत बसायला हवं होतं? मला अजून कळत नाही. मी चोळत बसले. कारण तेल घरात तेवढंच होतं आणि तुम्ही ते ओतून गेला होता.

रोज संध्याकाळी तुम्ही यायचात. अंगावर पांढरी धूळ, भुवया पांढऱ्या. पाणी प्यायचं आणि काठीला बसायचं. माझी बोटं मऊ होत गेली आणि तुमचे तळवे गेले. एकामागून एक कडी चढत गेली. मी लाल रेशीम घेतलं, डिंकाचा हात दिला, तुम्ही या वेळी भांडला नाहीत. शेंड्याकडची शेवटची कडी राहिली होती. "उद्या," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरचा माणूस सायकलवरून आला. म्हणाला, "तुमच्या म्हाताऱ्याला चक्कर आलीया." मी आले तेव्हा तुम्हाला एका झाडाखाली निजवलं होतं. कुणीतरी तोंडावर ओलं फडकं टाकलं होतं, ते वाळून गेलं होतं. तुम्ही पाणी मागितलंत म्हणे आणि ते यायच्या आत मान टाकलीत.

मामा, मला ओरडून रडता येईना. मी तुमचा हात हातात धरला आणि तळव्यावरून अंगठा फिरवत राहिले. बाया मला बाजूला ओढत होत्या.

डॉक्टरसाहेब दहाव्याच्या आधी येऊन गेले. टोपी काढून उभे राहिले, डोळे पुसले. ह्यांनी काठी आणून दाखवली. मी आतून म्हटलं, एक कडी राहिली आहे. त्याआधी मी एकटीनं करून बघितलं होतं. धागा मशीनखाली दाबून, एका हातानं काठी फिरवून. जमलं नाही. ह्यांनाही बसवलं. त्यांनी मनापासून केलं, पण त्यांना रडू येत होतं आणि काठी झटके खात होती. साहेब म्हणाले, "राहू द्या, पुण्याला कुणाकडून तरी करून घेईन." आणि काठी घेऊन गेले. वाईट नाहीत ते. पण त्या शेवटच्या कडीवर कुणाचा तरी परका धागा असणार, हे मला गिळवत नाही. आणि दुसरं असं की आता माझ्या बोटांना जपायचं काही कारण उरलं नाही.

दहाव्याला सीनेच्या वाळूत पिंड मांडले. दुष्काळात कावळेसुद्धा उपाशी. बाभळ काळी झाली होती. सगळ्यांना वाटलं, आत्ता झडप घालतील. एकही खाली येईना. ह्यांनी तुम्हाला हात जोडून म्हटलं, "दादा, दुकान बंद ठेवणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत. "दादा, माळ मी घालीन." नाही. तात्या पुढं होऊन म्हणाले, "गळाचा धंदा बंद, म्हन." ह्यांनी तेही म्हटलं. तर जवळच्या फांदीवर एक कावळा होता तोही उडून लांब बसला. ऊन तापलं. लोक सावली शोधायला लागले. मग तात्या माझ्याकडं वळले. रागानं नव्हे, खरं तर काकुळतीनंच. "सुमन, तुलाच ठावं असंल. तूच म्हन काईतरी."

मला ठाऊक होतं. तुम्हाला काय हवं होतं ते फक्त मलाच ठाऊक होतं. मी खडीवर जाणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या ओठापर्यंत आलं. पण डब्यात पीठ संपलं होतं आणि ह्यांच्या पगाराचा भरवसा नव्हता. मेलेल्या माणसाला खोटं कसं सांगू? आणि तेही तुम्हाला? मी मान खाली घातली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं मन अडकलंय कशात तरी.  तुम्ही अडून बसलात, मीही अडून बसले. वाळूतसुद्धा आपण भांडलोच.

आज मी खडीवर जाऊन आले.

मुकादमानं नाव लिहून घेतलं आणि ओळीत बसायला सांगितलं. शेजारी येसाबाई नावाची बाई होती, जामखेडकडची. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू त्या शिंपीबाबाची सून व्हय? सुमन?"

मी मान हलवली.

"रोज सांगायचा. म्हनायचा, घरी भांडून आलोय. सून लई खमकी हाय, कामावर येऊ देत न्हवती." ती हसली. मग तिनं तिचा हातोडा माझ्यापुढं केला. "ह्ये बघ."

दांड्यावर सूत गुंडाळलेलं होतं. पोतं उसवून काढलेलं जाडंभरडं सूत, पण वेढ्याला वेढा चिकटून, मधे केसाची फट नाही. मी ओळीत पाहिलं. तिच्या पलीकडच्या बाईचा दांडा तसाच. त्याच्या पलीकडचाही. दुपारच्या सुट्टीत तुम्ही एकेकीला हातोडा फिरवायला लावायचे आणि स्वतः सूत धरायचे म्हणे. डोळे मिटूनच करायचे, ती म्हणाली. "हातात दांडा घसरत न्हाई आन फोड येत न्हाईत, म्हनायचा. मरायच्या दिशी बी एक केला."

मला तुम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी काठीला बसत होतो आपण, एवढं बोलत होतो, आणि हे नाही सांगितलंत.

येसाबाईनं तिचा हातोडा मला दिला आणि माझा कोरा स्वतः घेतला. मी नको म्हटलं तर म्हणाली, "घे गं. माजं हात मुरल्यात आता." मुकादम ओरडला, "ए बाई, हात चालव!" मी हात चालवला. पहिला दगड फुटला नाही. दुसरा उडून नडगीला लागला. येसाबाई म्हणाली, दगडाची शीर बघून मार. मग फुटायला लागले. मी दिवसभर फोडले. रडू येत होतं तेव्हाही फोडत होते, धुळीत कुणाला कळत नव्हतं.

संध्याकाळी सुकडी मिळाली. ती घेऊन घरी आले, पाणी प्याले, दिवा लावला. मग हात दिव्याजवळ धरून बघितले. मामा, फोड आलेत. पण कमी आलेत.